टिकी आणि क्रूस : ताईओहाएचे कॅथेड्रल

स्थान

पॅसिफिक महासागरात ताहितीच्या ईशान्येस सुमारे १,४०० किलोमीटरवर मार्केसास हा ज्वालामुखीजन्य द्वीपसमूह आहे. त्यातील नुकू हिवा, उआ पोऊ, उआ हुका, हिवा ओआ, ताहुआता आणि फातू हिवा या सहा बेटांवरच वस्ती आहे. एकूण लोकसंख्या नऊ हजारांच्या आसपास. राजकीयदृष्ट्या हा फ्रेंच पॉलिनेशियाचा भाग. ‘मार्केसास’ हे नाव १५९५ मध्ये आलेल्या स्पॅनिश नाविक मेंदान्याने पेरूच्या व्हाइसरॉयच्या सन्मानार्थ दिले. रहिवासी मात्र आपल्या बेटांना ‘हेनुआ एनाना’ किंवा ‘फेनुआ एनाता’, म्हणजे माणसांची भूमी, म्हणतात. उच्चारातला हा फरक उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या बोलींचा आहे. नुकू हिवाच्या दक्षिण किनाऱ्यावरील ताईओहाए हे प्रशासकीय केंद्र. तेथील नोत्र-दाम कॅथेड्रल १९७३ ते १९७७ या काळात बांधले गेले. ते ज्या कॅथलिक धर्मप्रांताचे मुख्य मंदिर आहे, त्याच्या अधिकृत नावातच आज ‘तेफेनुआएनाता’ हा स्थानिक शब्द आहे.

श्रद्धेचे देशीकरण

एका संस्कृतीतून आलेला धर्म दुसऱ्या संस्कृतीच्या भाषेत, रूपांत आणि सामग्रीत व्यक्त होऊ लागतो, तेव्हा त्याचे देशीकरण होते. केवळ भाषांतर पुरेसे नसते; ऐकणाऱ्याच्या परंपरेत ज्या रूपाला प्रतिष्ठा आहे, ते रूप स्वीकारावे लागते. मराठी वाचकाला याचे जुने उदाहरण परिचित आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध पुराणाच्या रूपात मांडले, कारण इथल्या श्रोत्याच्या लेखी पवित्र कथा पुराणातूनच येत असे. मार्केसासमध्ये ओवीची जागा कोरीव रेषेने घेतली. तिथे लेखनाची परंपरा नव्हती. वंशावळ, प्रतिष्ठा, देवत्व यांची नोंद पाठांतरात आणि आकृतींत होई.

टिकी आणि पातुतिकी

‘टिकी’ या शब्दाचे अर्थ एकात एक गुंतलेले आहेत. टिकी हा आद्यपुरुष. दैवतरूप पूर्वजाची दगडी किंवा लाकडी मूर्ती म्हणजे टिकी. आणि व्यापक अर्थाने कोणतीही आकृती म्हणजेही टिकी. मूर्तीची लक्षणे ठरलेली आहेत : गुडघे वाकलेले, हात पोटावर, डोळे मोठे व वर्तुळाकार, तोंड रुंद. डोके संपूर्ण उंचीच्या जवळपास एक-तृतीयांश असते. हे प्रमाण शिल्पकाराच्या अजाणतेपणातून आलेले नाही. ‘माना’ ही पवित्र शक्ती मस्तकात वसते, अशी धारणा असल्याने मस्तकाला मोठी जागा मिळते.

गोंदणाला ‘पातुतिकी’ म्हणतात, म्हणजे आकृती ठोकून उमटवणे. हाडाच्या बारीक दातांची फणी काजळीच्या शाईत बुडवून छोट्या दांडक्याने त्वचेवर ठोकली जाई. प्रतिष्ठित पुरुषाचे शरीर कपाळापासून पायापर्यंत भरलेले असे. मूर्ती, गदा, काष्ठपात्र आणि त्वचा यांवरील नक्षीचा कोश मोठ्या प्रमाणात एकच होता. पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीवर उभा आहे.

बंदी आणि स्थलांतर

पिकपूस संघाचे कॅथलिक मिशनरी १८३८ मध्ये ताहुआताच्या वैताहू येथे उतरले. १८४२ मध्ये फ्रान्सने बेटांचा ताबा घेतला. यानंतरची दशके भयानक होती. बाहेरून आलेल्या रोगांनी वस्ती उद्ध्वस्त केली. अठराव्या शतकाच्या अखेरीस हजारोंच्या घरात असलेली लोकसंख्या १९२० च्या दशकात सुमारे दोन हजारांवर आली. कोरणारे, गोंदणारे, वंशावळी म्हणणारे गेले आणि त्यांच्याबरोबर आकृत्यांचे अर्थही गेले. त्याच काळात मिशन आणि वसाहती प्रशासन यांनी मिळून गोंदण, नृत्य आणि जुने गायन यांवर निर्बंध घातले.

त्वचा निषिद्ध झाल्यावर नक्षीने जागा बदलली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काष्ठपात्रे, वल्ही आणि गदा यांवर दाट पृष्ठकोरीवकाम वाढत गेले. त्यांचे ग्राहक बहुतेक खलाशी आणि अधिकारी होते. पवित्र रेषा बाजारात गेली, असे म्हणता येईल. पण बाजारात गेल्यामुळेच ती हातात राहिली, हेही तितकेच खरे. जर्मन वैद्य आणि मानववंशशास्त्रज्ञ कार्ल फॉन डेन श्टाइनेन १८९७-९८ मध्ये बेटांवर फिरले, तेव्हा गोंदलेले वृद्ध अजून जिवंत होते. त्यांनी नोंदवलेल्या आकृती १९२५ ते १९२८ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाल्या. पुढे मार्केसन कारागिरांनाच आपली नक्षी शोधण्यासाठी या ग्रंथाकडे वळावे लागले.

धोरणबदल

ज्या संस्थेने आकृतींना हद्दपार केले, तिच्याच मंदिरात त्या परतल्या. यामागे दोन कारणे एकत्र आली. पहिले रोममधले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनाविधीविषयीचा दस्तऐवज स्वीकारला. त्यात लोकभाषेला वाव दिला गेला, आणि चर्चने कोणतीही एक कलाशैली आपली मानलेली नाही, असेही नमूद झाले. याच बदलाने वसईच्या चर्चमध्ये लॅटिनऐवजी मराठी मिस्सा ऐकू येऊ लागली.

दुसरे कारण स्थानिक. १९७३ ते १९८६ या काळात बिशप असलेले एर्वे-मारी ल क्लेआक हे मूळचे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातले. ब्रेटन भाषेची फ्रेंच शाळांतून झालेली पिछेहाट त्या प्रांताने अनुभवली होती. मार्केसन भाषेविषयीची त्यांची आस्था केवळ धर्मप्रसाराच्या सोयीपुरती नव्हती, असे मानायला जागा आहे. त्यांनी धर्मग्रंथ आणि प्रार्थना मार्केसनमध्ये आणण्याचे काम केले. भाषा व संस्कृतीच्या रक्षणासाठी १९७८ मध्ये स्थापन झालेल्या ‘मोतू हाका’ या संस्थेमागेही त्यांचा आधार होता. कॅथेड्रल उभे राहिले तेही त्यांच्याच कारकिर्दीत.

दगड

कॅथेड्रलच्या बांधकामात सहाही वस्तीच्या बेटांवरून आणलेला दगड आणि लाकूड वापरले आहे. बांधकामाच्या दृष्टीने हे गैरसोयीचे होते. नुकू हिवावर दगडाची कमतरता नाही. अर्थ मात्र स्पष्ट होता. जुन्या काळी या बेटांवर, किंबहुना एकाच बेटावरच्या शेजारी खोऱ्यांत, वैर आणि युद्धे चालत. सहा बेटांचा दगड एका भिंतीत येणे म्हणजे एका समाजाची मांडणी. दगडाचा वाणही बेटागणिक बदलतो. काळा बेसॉल्ट सर्वत्र आहे. ‘केएतू’ हा मऊ, तांबूस ज्वालामुखीय दगड ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या धर्मस्थळांच्या सजावटीत वापरला जाई. उआ पोऊचा ‘फुलांचा दगड’ तर करड्या पृष्ठावर पिवळसर-तपकिरी फुले उमटल्यासारखा दिसतो. दगडावर दगड रचून चौथरा उभारणे हे या बेटांचे मूळ स्थापत्य. घराचा चौथरा म्हणजे ‘पाएपाए’, पूजास्थान म्हणजे ‘मेआए’. कॅथेड्रलची दगडी भिंत त्या हस्तकौशल्याला परकी नाही.

लाकूड

मार्केसन कोरीवकामात तीन लाकडे विशेष वापरली जातात. ‘तोऊ’ हे गडद आणि फिकट तपकिरी पट्ट्यांचे लाकूड. ‘मिओ’ म्हणजे कोकणच्या खाडीकाठी दिसणारी पारोसा भेंडी. तिचा गाभा तांबूस-तपकिरी आणि टिकाऊ असतो. ‘तेमानू’ म्हणजे आपली उंडी, जिच्या बियांचे तेल कोकणात दिव्याला वापरत. पॉलिनेशियात हे झाड जुन्या पूजास्थानांजवळ लावले जाई. एकाच किनारी वनस्पतिसृष्टीची ही दोन टोके आहेत.

कामाचा क्रम सुतारी परंपरेसारखाच असतो : आधी वाकसाने ओबडधोबड आकार काढायचा, मग पटाशीने अवयव सुटे करायचे, शेवटी बारीक कोरणीने पृष्ठभाग भरायचा. फरक शेवटच्या टप्प्यात आहे. युरोपीय मूर्तिकार वस्त्राच्या चुण्यांतून शरीराचा गोलवा दाखवतो; मार्केसन कारागीर रिकाम्या पृष्ठावर रेषा, वर्तुळे आणि डोळे भरतो. मूर्ती जणू गोंदली जाते.

मंदिरातील कोरीवकाम

कॅथेड्रलमधील महत्त्वाचे काष्ठकाम दामियाँ हातुराऊ या मार्केसन शिल्पकाराचे आहे. ख्रिस्ताच्या दुःखभोगाचे प्रसंग इथे बेटाच्या निसर्गात घडतात : भोवती स्थानिक वनस्पती, चेहऱ्यांची ठेवण पॉलिनेशियन, रुंद आणि भारदस्त. कथा बदललेली नाही. क्रूस, पतन, दफन हा क्रम रोममध्ये असतो तसाच आहे. बदलली आहे ती कथेची भूमी.

ही पद्धत सर्वांत स्पष्ट दिसते ती वैताहूच्या चर्चमध्ये. मिशनरींच्या आगमनाला १५० वर्षे झाल्यावर, १९८८ मध्ये, व्हॅटिकनच्या अर्थसाह्याने ते उभे राहिले. तिथे हातुराऊ यांनीच घडवलेली बाळासह मरियेची जवळपास ४ मीटर उंचीची काष्ठमूर्ती आहे. हिवा ओआवरील ‘ताकाई’ या प्रसिद्ध दगडी टिकीची उंची सुमारे अडीच मीटर, म्हणजे मरिया त्यालाही मागे टाकते. युरोपीय मूर्तींत बाळ आईच्या कुशीत विसावलेले असते. इथे मुद्रा अर्पणाची आहे आणि अर्पणाची वस्तू आहे नीरफणस. कोकण-गोव्यात याची कापे तळली जातात. मार्केसासमध्ये मात्र हे मुख्य अन्न होते. त्याचा गर खड्ड्यांत आंबवून दुष्काळासाठी वर्षानुवर्षे साठवत. भाकरीच्या जागी नीरफणस येतो, तेव्हा ख्रिस्ती प्रतीकाचा अर्थ तोच राहतो आणि तो पोटाशी जोडला जातो.

दोन तुलना

पॉलिनेशियन मरिया याआधी रंगवली होती ती पॉल गोगँ याने, १८९१ मध्ये ताहितीत. ‘इया ओराना मारिया’ या चित्रात मरियेने लुंगीसारखे पारेओ नेसले आहे आणि बाळ तिच्या खांद्यावर आहे. समोर दोन स्त्रिया हात जोडून उभ्या आहेत. ती नमस्काराची मुद्रा मात्र गोगँने जावातील बोरोबुदूरच्या बौद्ध शिल्पपटाच्या छायाचित्रावरून घेतली. चित्र सुंदर आहे, पण ते पाहुण्याने केलेले मिश्रण आहे. ताईओहाएची रेषा घरातल्या हाताची आहे.

दुसरी तुलना रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटाची. तिथे १८७७ मध्ये केवळ १११ रहिवासी उरले होते. हांगा रोआच्या कॅथलिक चर्चमधील काष्ठमूर्तींत मरियेच्या मस्तकावर पक्षी आहे. बेटाच्या जुन्या पक्षीमानव पंथाची आठवण आणि पवित्र आत्म्याचे कबुतर एकाच आकारात बसतात.

मर्यादा

या कलासंगमाला मर्यादा आहेत. जुन्या परंपरेतून आकृती आल्या. बळी, शत्रूवरील विजय, लैंगिकता यांच्याशी निगडित आशय आला नाही. अनेक आकृतींची मूळ नावे आणि अर्थ हरवलेले असल्याने आजचे अर्थ काही अंशी पुनर्रचित आहेत. शिवाय ‘टिकीच्या घडणीचा संत’ म्हणजे टिकी नव्हे. टिकीत पूर्वजाची शक्ती प्रत्यक्ष वसते, अशी धारणा होती. कॅथलिक सिद्धांतानुसार मूर्ती केवळ निर्देश करते. बाह्य साम्यामुळे हा भेद झाकला जातो. पूर्वीच्या बंदीचा हिशेब कोरीवकामाने फिटतो का, हा प्रश्नही या भिंतींत सुटत नाही.

त्वचेकडे परत

१९८० च्या दशकापासून गोंदणाचे पुनरुज्जीवन झाले. १९८७ मध्ये सुरू झालेल्या मार्केसन कलामहोत्सवाने नृत्य आणि ढोल पुन्हा सार्वजनिक केले. २०२४ मध्ये हा द्वीपसमूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. आज रविवारच्या मिस्साला बाकावर बसलेल्या माणसाच्या दंडावर वर्तुळे आणि डोळे गोंदलेले असू शकतात. समोरच्या काष्ठपटावरही तीच वर्तुळे असतात. फक्त तिथे सुईऐवजी कोरणी चाललेली असते.