मोशे, योसेफ आणि जंजिरा

अमेरिकेतल्या गुलामगिरीवरच्या कादंबऱ्या बायबल जवळ असल्याशिवाय नीट उलगडत नाहीत, असे म्हटले की मराठी वाचक थोडा बिचकतो. रायगडच्या किनाऱ्यावरच्या वाचकाने बिचकू नये. मिसर देशातली गुलामी आणि मोशेने लोकांना समुद्रातून पार नेल्याची कथा अलिबाग-रेवदंड्याच्या घरांतून मराठीतच सांगितली गेली आहे.

गंमत अशी, की इथल्या बेने इस्रायलांकडे, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक यहुद्यांकडे, या सुटकेचा सण टिकला होता, कथा मागे पडली होती. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे शनिवार तेली त्या सणाला, वल्हांडणाला, ‘अनशी धाकाचा सण’ म्हणत आणि आंबट रसाचे भांडे आठ दिवस झाकून ठेवत. कथा परत आली ती एकोणिसाव्या शतकात, कोचीनच्या यहुदी शिक्षकांमुळे आणि मिशनऱ्यांच्या मराठी बायबलामुळे. त्यांपैकी १८१३ साली मुंबईत आलेले अमेरिकन मराठी मिशन न्यू इंग्लंडचे. ‘अंकल टॉम्स केबिन’ची लेखिका हॅरिएट बीचर स्टो पुढे ज्या धर्मवातावरणात वाढली, तेच त्याचे माहेर. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाची हग्गादा, म्हणजे सणाच्या रात्री वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी लाटत आहेत. पुढे बायबलातल्या कथांवर हरिदासी थाटाची कीर्तनेही रंगू लागली.

हीच कथा अटलांटिकच्या पलीकडे मालकांना धोक्याची वाटत होती. वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी १८०७ मध्ये लंडनमध्ये एक कापलेले बायबल छापले गेले. त्यातून ‘निर्गम’ या पुस्तकातली मोशेची सुटकेची कथा गाळली, पण भावांनी विकलेला आणि निमूट चाकरी करून वर चढलेला योसेफ ठेवला. संपादकाला आपले काम चांगलेच कळत होते! गुलामांनी मात्र मोशेच उचलला. माणसे पळवून उत्तरेला नेणाऱ्या हॅरिएट टबमनला लोक मोशेच म्हणत.

स्टोने १८५२ च्या ‘अंकल टॉम्स केबिन’मध्ये दोन्ही वाटा वापरल्या. पळालेली गुलाम एलायझा मूल कवटाळून ओहायो नदीच्या बर्फावरून पार जाते, तो निर्गम. टॉम मारणाऱ्यांना क्षमा करत मरतो, तो ख्रिस्त. माझ्या मते एलायझाचे प्रकरण आजही ताजे आहे. टॉमचे क्रूसावर चढणे गोऱ्या वाचकाच्या डोळ्यांतल्या पाण्यासाठी बेतलेले वाटते.

टोनी मॉरिसनच्या ‘बिलव्हेड’ने (१९८७) या प्रतीकांची खरी उलटतपासणी केली. मुळाशी १८५६ मधली मार्गारेट गार्नरची घटना आहे: पकडले जाताना तिने स्वतःच्या मुलीला मारले. कादंबरीतली सेथही ओहायो ओलांडते. मोशेच्या मागे तांबडा समुद्र मिटला आणि फारोचे सैन्य बुडाले. सेथच्या मागे नदी उघडीच राहते, कारण १८५० च्या कायद्याने मालकाला पळालेल्या गुलामाच्या मागे गुलामगिरी नसलेल्या राज्यांतही जाता येत होते. अठ्ठावीस दिवसांची मोकळीक, मग चार माणसे घोड्यांवरून येतात. बायबलाच्या प्रकटीकरणातले चार घोडेस्वार ओळखायला वेळ लागत नाही. त्याआधी सासू बेबी सग्ज थोड्याशा बोरांपासून सुरुवात करून नव्वद माणसांची पंगत उठवते. येशूच्या पाच भाकरींच्या चमत्काराने लोक तृप्त झाले. इथे पोट भरलेले शेजारी तिच्या औदार्यावरच चिडतात आणि घोडेस्वार येताना सावध करायला कोणी धावत नाही. चमत्काराला शेजारीपाजारी असतात, हे मॉरिसनइतके स्वच्छ मला दुसरीकडे दिसले नाही.

एडवर्ड जोन्सच्या ‘द नोन वर्ल्ड’मध्ये (२००३) तर हेन्री टाउनसेंड हा पूर्वी स्वतः गुलाम असलेला काळा माणूस गुलाम विकत घेतो आणि पहिल्या गुलामाचे नाव असते मोझेस, म्हणजे मोशेच! तो स्वार्थासाठी बायको-मुलाला पळवून लावतो. ती दोघे सुटतात, तो मागेच राहतो. वचनदत्त देश लांबून पाहून मेलेला मोशे इथे भलत्याच वेशात भेटतो.

हेन्रीपाशी आले की मला मुरूड-जंजिरा आठवतो. हबसाणातून, म्हणजे इथिओपियातून, विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने विकत घेतला. तो चंगेजखानही एकेकाळचा हबशी गुलामच. पुढे अंबर (मृत्यू १६२६) स्वतः त्या राज्याचा कर्ताधर्ता झाला. जंजिऱ्याचे सिद्दीही मूळचे हबशीच, आणि ते १९४८ पर्यंत संस्थानिक होते. व्हर्जिनियाच्या मळ्यावरच्या गुलामाला वजिरीची वाट नव्हती, म्हणून त्याला मोशे लागला. आपल्या किनाऱ्यावर योसेफाची वाट उघडी होती, आणि कुराणातही यूसुफाची एक आख्खी सुरा आहे.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, पण प्रतीक निवडले ते बळीराजाचे. इथल्या शेतकऱ्यासाठी तेच योग्य होते. सिद्दी मात्र मराठी ऐतिहासिक कादंबरीत बहुधा तटावरचा शत्रू म्हणूनच येतो. त्याला कोणत्या वयात, कोणी, किती पैशांना विकले, हे विचारणारी कादंबरी माझ्या वाचनात नाही. ती लिहिणाऱ्याला मोशे फारसा उपयोगी पडणार नाही. त्याने बायबलातल्या ‘उत्पत्ती’चा सत्तेचाळिसावा अध्याय काढावा: तिथे एकेकाळी विकला गेलेला योसेफ दुष्काळात धान्य देऊन मिसरी लोकांची गुरे, जमिनी आणि शेवटी ती माणसेच फारोसाठी विकत घेतो.