अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांचा विमा : फॉर्मवर सही करण्यापूर्वी

मार्च-एप्रिल उजाडला की मंडळात एक विषय हमखास निघतो. कुणाची मुलगी बाळंत होणार आहे, कुणाच्या नातवाची मुंज आहे, कुणाला नुसताच "या ना आता, बर्फ संपला" असा फोन आलेला असतो. तिकीट सहा महिने आधी काढतात, व्हिसाच्या तारखेसाठी जिवाचे रान करतात, मेतकूट, भाजणी आणि डिंकाचे लाडू वजन करकरून बॅगेत भरतात. विमा मात्र निघायच्या आठवड्यात ट्रॅव्हल एजंटच्या ऑफिसात, चहा येईपर्यंत उरकला जातो. "कितीचा घेतलात?" "एक लाख डॉलरचा." झाले, विषय संपला. आम्हीही असाच घेतला होता.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघे न्यू जर्सीला मुलीकडे गेलो होतो. पाचव्या आठवड्यात एका सकाळी सौ.ला चक्कर आली आणि डावा हात जड वाटू लागला. जावयांनी लगेच ९११ ला फोन केला. इस्पितळात दोन दिवस ठेवले, डोक्याचे, मानेचे, हृदयाचे सगळे फोटो काढले. देवाच्या दयेने गंभीर काही निघाले नाही. बडोद्याला परतल्यावर महिन्याभराने विमा कंपनीचे पत्र आले : तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडचे जुने कागद पाठवा. कागद पाठवले. त्यांत रक्तदाबाची गोळी सहा वर्षांपासून चालू असल्याचे स्वच्छ लिहिलेले होते. आमच्या फॉर्मवर मात्र "आधीपासूनचा आजार" या रकान्यात "नाही" असे होते. ते एजंटकडच्या मुलाने लिहिले होते, मी वाचलेही नव्हते. सही माझी होती. क्लेम नामंजूर झाला. इस्पितळाने बराच पत्रव्यवहार झाल्यावर बिल कमी केले, तरी आमची एक जुनी मुदत ठेव मोडावी लागली. जावई "मी भरतो" म्हणत होते, ते मला पटले नाही.

तेव्हापासून मी पॉलिसीची कलमे वाचू लागलो. जे समजले ते सभासदांसाठी इथे मांडतो.

एक लाख डॉलर म्हणजे काय?

भेटीच्या, म्हणजे बी-२ व्हिसासाठी अमेरिका विम्याची सक्ती करत नाही. त्यामुळे कोणती पॉलिसी चांगली, याची चाळणी कुणी लावत नाही. ती आपल्यालाच लावावी लागते. बाजारात मुख्यतः दोन जातींच्या पॉलिसी असतात. दोन्हींच्या पहिल्या पानावर तीच मोठी रक्कम असते आणि स्वस्त म्हणून पहिली जात जास्त खपते.

ही पहिली जात "फिक्स्ड बेनिफिट". हिच्यात प्रत्येक गोष्टीचा दर आधीच ठरलेला असतो. इस्पितळातल्या एका दिवसाचे इतके, डॉक्टरांच्या एका भेटीचे इतके, एका स्कॅनचे इतके. प्रत्यक्ष बिल कितीही येवो, कंपनी दराप्रमाणेच देते. दुसरी जात "कॉम्प्रिहेन्सिव्ह". हिच्यात सुरुवातीची ठरावीक रक्कम आपण भरायची, तिला डिडक्टिबल म्हणतात. त्यानंतरच्या काही हजार डॉलरांपर्यंत बहुधा आपण २० टक्के आणि कंपनी ८० टक्के, आणि त्यापुढचे सगळे कंपनीचे, पॉलिसीच्या रकमेपर्यंत.

समजुतीसाठी आकडे घेऊ. समजा दोन दिवसांचे बिल २४,००० डॉलर झाले. फिक्स्ड पॉलिसीत दिवसाचे १,५००, इमर्जन्सीचे ४०० आणि स्कॅनचे ५०० असे दर असतील, तर कंपनी देणार ३,९००. उरलेले २०,१०० आपले. तेच कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये २५० डॉलर डिडक्टिबल आणि पुढच्या ५,००० वर २० टक्के, म्हणजे १,००० असे धरले, तर आपल्या खिशातून जातात १,२५०. दोघांच्याही पहिल्या पानावर "एक लाख डॉलर" असेच छापलेले असते. फिक्स्ड पॉलिसीत त्या लाखापर्यंत पोहोचण्याइतके दर क्वचितच असतात.

कॉम्प्रिहेन्सिव्हलाही एक अट असते. इस्पितळ आणि डॉक्टर कंपनीच्या नेटवर्कमधले असले तर ठरलेल्या सवलतीच्या दराने बिल लागते आणि पुष्कळदा इस्पितळ परस्पर कंपनीकडे पाठवते. नेटवर्कबाहेर गेलो तर आपला वाटा वाढतो. मुलीच्या घराजवळची कोणती इस्पितळे नेटवर्कमध्ये आहेत, हे पॉलिसी घेण्याआधीच तिला बघायला सांगावे.

जुना आजार

खरी गाठ इथे आहे. साठीनंतर रक्तदाब, साखर, थायरॉइड, गुडघे यांतले काहीच नाही असा माणूस आपल्या कट्ट्यावर शोधून सापडणार नाही. आणि भेटीच्या विम्यात "आधीपासूनचा आजार" साधारणपणे वगळलेला असतो.

त्याला एक खिडकी ठेवलेली असते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पॉलिसींत तिला "ॲक्यूट ऑनसेट" म्हणतात. जुना आजार अचानक, पूर्वसूचना न देता उसळला, तातडीच्या उपचारांची गरज पडली आणि रुग्ण ठरावीक मुदतीत, बहुधा २४ तासांत, डॉक्टरांकडे पोहोचला, तरच खर्च मिळतो. रक्तदाबाच्या माणसाला एकाएकी हृदयविकाराचा झटका आला तर तो या खिडकीतून जाऊ शकतो. साखर आठ दिवस हळूहळू चढत गेली आणि मग दाखल करावे लागले, तर जात नाही. नेहमीच्या गोळ्या, नेहमीची रक्ततपासणी, डायलिसिस हे तर मुळीच नाही. आणि खिडकीला वयाचे गज असतात : सत्तरीनंतर किंवा ऐंशीनंतर ही सोय बंद होते किंवा तिची रक्कम अगदी थोडी उरते. आपल्याकडच्या कंपन्यांच्या प्रवास विम्यात याच अर्थाचे कलम "जिवावर बेतलेल्या प्रसंगी" अशा शब्दांत असते आणि त्यालाही वेगळी मर्यादा असते.

आता "लिहायचे की लपवायचे" हा प्रश्न. एजंट म्हणतो, "लिहू नका काका, प्रीमियम वाढेल." प्रीमियम वाढेल हे खरे. काही वेळा पॉलिसी नाकारली जाईल, सत्तरीपुढे तपासण्याही मागतील. पण लपवले तर जुन्या आजाराचाच काय, दुसरा क्लेमही संशयात जातो, आणि फॅमिली डॉक्टरांचे केस पेपर खोटे बोलत नाहीत. याच्या उलट फसगतही होते. अमेरिकेतून ऑनलाइन घेतलेल्या पुष्कळ पॉलिसींत आजारांविषयी काही विचारतच नाहीत. लोकांना वाटते, विचारले नाही म्हणजे सगळे चालते. ते क्लेमच्या वेळी विचारतात.

इथून घ्यायचा की तिथून?

दोन्ही चालते. इथल्या कंपनीचा विमा रुपयांत मिळतो, आणि वाद झाला तर दाद मागायला जागा जवळ असते. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. गुजरातसाठी लोकपालाचे कार्यालय अहमदाबादला आहे, इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींसाठी भोपाळला. ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद तिथे चालतात, वकील लागत नाही आणि फी नसते. (मी गेलो नाही, कारण चूक आमचीच होती.) पण इथल्या पॉलिसींत साठीपुढच्या लोकांसाठी पोट-मर्यादा पुष्कळदा असतात : खोलीभाडे इतकेच, शस्त्रक्रिया इतकीच. म्हणजे नाव कॉम्प्रिहेन्सिव्हचे आणि चाल फिक्स्डची. एजंटला "सब-लिमिट आहे का?" असा सरळ प्रश्न विचारून उत्तर ई-मेलवर लेखी घ्यावे.

तिथल्या कंपनीचा विमा मुलगा किंवा मुलगी घरबसल्या घेऊ शकते आणि तिथल्या इस्पितळांना ते कार्ड ओळखीचे असते. पोहोचल्यावरही घेता येतो, मात्र विमा सुरू होण्याआधी लागलेले दुखणे त्यात बसत नाही. आमच्या दुसऱ्या फेरीला आम्ही तिथला कॉम्प्रिहेन्सिव्ह घेतला. महाग पडला. सौ.चा रक्तदाब त्याच खिडकीपुरता धरला जातो, हे माहीत असूनच घेतला.

दुखणे आलेच तर

छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, श्वास न पुरणे, यांत विम्याचा विचार न करता ९११. १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सी विभाग असलेल्या तिथल्या जवळजवळ सगळ्या इस्पितळांना पैशांची चौकशी न करता रुग्ण तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. अर्थात फुकट होत नाही, बिल नंतर घरी येते. पण ताप, खोकला, पाय मुरगळणे, लघवीची जळजळ अशा दुखण्याला इमर्जन्सीत जाणे म्हणजे पैशांचा चुराडा. त्यासाठी "अर्जंट केअर" नावाचे छोटे दवाखाने जवळजवळ प्रत्येक गावात आहेत, आणि त्यांचा खर्च इमर्जन्सीच्या तुलनेत खूपच कमी असतो.

बिल एकच येत नाही. इस्पितळाचे वेगळे, इमर्जन्सीच्या डॉक्टरांचे वेगळे, स्कॅन वाचणाऱ्याचे वेगळे, ॲम्ब्युलन्सचे वेगळे, आणि तीही महिनाभर टप्प्याटप्प्याने. आपली पिढी बिल आले की भरून मोकळी होते. तिथे तसे करू नये. आधी बाबवार बिल मागावे, ते विमा कंपनीकडे जाऊ द्यावे, कंपनीचा हिशेब आला की दोन्ही ताडून बघावे. विमा नसेल किंवा नामंजूर झाला असेल, तर इस्पितळाच्या बिलिंग विभागाशी बोलावे. ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या इस्पितळांना कमी उत्पन्नाच्या रुग्णांसाठी लेखी मदत-धोरण ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. भेटीला आलेल्यांना त्यात धरायचे की नाही हे त्या इस्पितळाच्या धोरणावर असते, पण अर्ज करायला हरकत नसते. आमचे बिल कमी झाले ते अशाच अर्जामुळे, आणि तो अर्ज करायचे मुलीच्या शेजारणीने सुचवले.

ग्रीन कार्डवर गेलेले

काही सभासद आता कायमचे मुलांकडे राहायला जातात. त्यांचा समज असा, की पासष्ट वर्षे झाली म्हणजे मेडिकेअर मिळणार. ग्रीन कार्डधारकाला त्यासाठी तिथे सलग ५ वर्षे राहावे लागते. त्यानंतरही ज्यांनी स्वतः किंवा ज्यांच्या जोडीदाराने तिथे पुरेशी वर्षे नोकरी करून कर भरलेला नाही, त्यांना इस्पितळाच्या भागासाठी महिन्याला ५०० डॉलरांहून जास्त हप्ता पडतो. मधल्या ५ वर्षांसाठी सरकारी मार्केटप्लेसवरची रीतसर पॉलिसी घेता येते. तिच्यात जुना आजार नाकारता येत नाही, हा फार मोठा फरक. मात्र ग्रीन कार्डचा दर्जा मिळाल्यापासून ६० दिवसांत नाव नोंदवावे, नाहीतर वार्षिक नोंदणीची वाट बघावी लागते. हप्त्यातल्या सवलतींचे नियम सध्या बदलत आहेत, तेव्हा त्या वर्षीचा नियम मुलांना पाहायला सांगावा.

इतर देशांचे थोडक्यात. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा सक्तीचा आहे. कॅनडाच्या सुपर व्हिसाला किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा विमा लागतो. इंग्लंडला भेटीसाठी सक्ती नाही, पण तिथली सरकारी सेवा पाहुण्यांना फुकट मिळते हा गैरसमज आहे. इमर्जन्सी विभागातली तपासणी फुकट, पण दाखल केले की ठरलेल्या दराच्या १५० टक्के आकारणी होते, आणि ५०० पौंड किंवा अधिक थकले तर पुढचा व्हिसा अडू शकतो.

इथली मेडिक्लेम परदेशात बहुतेक चालत नाही. सत्तरीवरच्यांचे आयुष्मान कार्डही देशातल्या नोंदणीकृत इस्पितळांपुरतेच. म्हणून "सहा महिने इथे नाहीच, कशाला भरायचा हप्ता" असा हिशेब करून मेडिक्लेम मात्र सोडू नका. ती खंडित झाली तर या वयात नव्याने मिळणे कठीण, आणि मिळाली तरी जुन्या आजारांची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून.

निघताना नेहमीची औषधे साधारण ९० दिवसांपुरती, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवावीत. चिठ्ठीवर ब्रँडच्या जोडीने औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण आपल्याकडची गोळ्यांची नावे तिथल्या डॉक्टरांना कळत नाहीत. फॉर्मची भरलेली प्रत, पूर्ण पॉलिसी आणि आपल्या डॉक्टरांचा फोन नंबर मुलांकडे निघण्याआधी पाठवून ठेवा. आणि फॉर्मवर सही करण्याआधी "आधीपासूनचा आजार" हा रकाना स्वतःच्या हाताने भरा.