ठासणीच्या रायफलीचा नेम

ठासणीच्या रायफलीत दारू आणि गोळी तोंडाकडून भरायची. म्हणजे गोळी आत सरकायला सैल हवी, पण सुटताना नळीतल्या पिळदार खाचांत घट्ट बसायला हवी! 1853च्या ब्रिटिश एनफील्ड रायफलीने हा पेच पोकळ बुडाच्या शिशाच्या गोळीने सोडवला. बार उडाला की वायूच्या दाबाने बूड फुलतं, खाचा पकडतं आणि गोळी भिंगरीसारखी फिरत सुटते.

म्हणून शिसं शुद्ध, मऊ हवं. कथिल मिसळलेलं नीट फुलत नाही. दारू वाढवली तर बुडाची पातळ कड वेडीवाकडी होते आणि गोळी भरकटते. जास्त दारू म्हणजे चांगला नेम, हा नवख्यांचा लाडका गैरसमज.

खरा वैरी म्हणजे दारू जळून नळीत साचणारी काजळी. एनफील्डच्या नळीचा व्यास 14.66 मिलिमीटर, सुरुवातीची गोळी सुमारे 14.4. 1857च्या लढायांत इथल्या उन्हाने काजळी कडक होई आणि गोळी ठासताना सैनिक मेटाकुटीला येत. पुढे ब्रिटिशांनी गोळी सुमारे 14 मिलिमीटरवर आणली. मेण-चरबीचं वंगण काजळी मऊ ठेवतं. ज्या चरबीच्या बातमीने मेरठची छावणी पेटली, ती काडतुसावर होती याच कामासाठी. आजचे हौशी नेमबाज अधूनमधून नळी पुसतात आणि गोळी नळीपेक्षा जेमतेम दोन-पाच शतांश मिलिमीटर लहान ठेवतात.