रिंगणातला खलनायक आणि साक्षीच्या पिंजऱ्यातला नायक

आमच्या पिढीतल्या वस्तीतल्या पोरांनी हल्क होगनला आधी टीव्हीवर नव्हे, पत्त्यांवर पाहिले. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या त्या पत्त्यांवर मल्लाची उंची, वजन, छाती, दंड आणि किती कुस्त्या जिंकल्या याचे आकडे छापलेले असत. ज्याच्या हाती होगनचा पत्ता, त्या डावापुरती त्याची पाटीलकी. घरातली मोठी माणसे म्हणत, अरे, ती सगळी नुरा कुस्ती आहे, आधी ठरवून केलेली! आम्ही चिडायचो. पुढे काळा कोट अंगावर चढल्यानंतर वाचनात आले की, 1989 मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात खुद्द कंपनीनेच सांगितले होते, आमची कुस्ती हा खेळ नव्हे, करमणूक आहे. म्हणून खेळाचे कायदे आणि कर आम्हाला लावू नका. म्हणजे मोठ्यांचे म्हणणे खरेच होते. पण त्यांनी अर्धेच सांगितले होते.

या धंद्यात नायकाला 'बेबीफेस' आणि खलनायकाला 'हील' म्हणतात. आजवरची सर्वात गाजलेली पलटी झाली ती 7 जुलै 1996 रोजी, फ्लोरिडातील डेटोना बीच येथे. टेड टर्नर यांच्या डब्ल्यूसीडब्ल्यू कंपनीच्या कार्यक्रमात स्कॉट हॉल आणि केव्हिन नॅश या दोन 'बाहेरच्या' मल्लांनी आव्हान दिले होते की, आमचा तिसरा साथीदार ऐनवेळी कळेल. समोर स्टिंग, लेक्स ल्युगर आणि रँडी सॅव्हेज. ल्युगरला सुरुवातीलाच स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. बाकीचे दोघे मार खात होते. आणि मग होगन आला. पिवळ्या-लाल कपड्यांतला, लहान पोरांना प्रार्थना करा, व्हिटॅमिन खा असे सांगणारा होगन! लोकांनी जल्लोष केला. समालोचन करणारे बॉबी हीनन स्वतः अनेक वर्षे खलनायकांचे मॅनेजर होते. त्यांनी तेवढी शंका काढली की, हा नेमका कोणाच्या बाजूचा? पुढच्या क्षणी होगनने आडव्या पडलेल्या सॅव्हेजच्या गळ्यावर आपला प्रसिद्ध पाय आदळला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

त्या चित्रफिती आम्ही फार नंतर पाहिल्या. पेले, बाटल्या, कागद, हाती लागेल ते प्रेक्षक फेकत होते. रिंगण कचऱ्याने भरून गेले. एक प्रेक्षक तर थेट आत घुसला आणि मार खाऊन बाहेर पडला. त्या कचऱ्यात उभे राहून होगनने 'न्यू वर्ल्ड ऑर्डर' ही टोळी जाहीर केली. नंतर कपडे काळे, दाढी काळी, नाव 'हॉलिवूड' होगन. डब्ल्यूसीडब्ल्यूचा सोमवारचा कार्यक्रम प्रतिस्पर्ध्यापेक्षा सलग 83 आठवडे जास्त पाहिला गेला. धंद्याच्या हिशेबाने पलटी अचूक होती, कारण नायक म्हणून होगनच्या टाळ्या तोवर विरळ झाल्या होत्या. कंपनीचे प्रमुख एरिक बिशॉफ यांनी पुढे सांगितले की, होगन ऐनवेळी मागे हटला असता तर तिसरा माणूस म्हणून स्टिंग तयार होता.

लोकांना एवढा धक्का का बसला? आमच्या मते याचे कारण खलनायक निवडण्याच्या जुन्या रीतीत आहे. त्या काळच्या अमेरिकन कुस्तीत खलनायक बहुधा परका असे. जपानी, रशियन, अरब, नाहीतर 'रानटी' ठरवलेला कृष्णवर्णीय. त्याने काही वाईट करण्याआधीच त्याच्या जन्माने त्याला वाईट ठरवलेले असे. (जन्माने माणूस ठरवण्याची ही रीत आमच्या वाचकांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.) स्वतः होगन मोठा झाला तो 23 जानेवारी 1984 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये 'आयर्न शेख'ला चीत करून. हा आयर्न शेख म्हणजे इराणचे होसेन वझिरी. 1970 च्या दशकात अमेरिकेच्याच ऑलिम्पिक कुस्ती संघाचे सहायक प्रशिक्षक राहिलेला हा माणूस. ज्याने अमेरिकेच्या पोरांना डाव शिकवले, त्याला अमेरिकेचा शत्रू म्हणून उभे करायचे आणि गोऱ्या, पिवळ्या केसांच्या मल्लाने त्याला लोळवायचे, यावर तिकिटे खपली. 1996 मध्ये प्रथमच तो गोरा नायक स्वतः म्हणाला, वाईट मी आहे. अशी कबुली ऐकायची प्रेक्षकांना सवयच नव्हती.

पण आम्हाला वकील म्हणून दुसरीच पलटी महत्त्वाची वाटते. ती रिंगणात झाली नाही आणि तिच्यावर कोणी बाटली फेकली नाही. 1986 मध्ये, दुसऱ्या रेसलमेनियाच्या सुमारास, जेसी व्हेंचुरा या मल्लाने कपडे बदलण्याच्या खोलीत सहकाऱ्यांपुढे युनियनचा विषय काढला. हा व्हेंचुरा पुढे मिनेसोटा राज्याचा गव्हर्नर झाला. मल्लांना ना विमा, ना निवृत्तिवेतन. दुखापत झाली तर दवाखान्याचे बिल ज्याचे त्याने पाहायचे. बातमी लगेच मालकापर्यंत गेली आणि विषय तिथेच मिटला. पुढे व्हेंचुराने रॉयल्टीसाठी कंपनीवर दावा लावला. त्या दाव्यातील जबानीत मालक व्हिन्स मॅकमहन यांना विचारण्यात आले की, युनियनची बातमी तुम्हाला कोणी दिली? उत्तर आले, हल्क होगनने. व्हेंचुरा यांनी हे अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. तोवर होगनला ते आपला मित्र समजत होते.

विचार करा. 1986 मध्ये होगन नायक होता. पोरे त्याचे पत्ते जपून ठेवत होती.

शपथेची आणखी एक गोष्ट आहे. 1991 मध्ये दूरचित्रवाणीच्या मुलाखतीत होगनने सांगितले की, दुखापतीच्या उपचारापुरते सोडले तर आपण स्टिरॉइड घेत नाही. जुलै 1994 मध्ये मॅकमहन यांच्यावरील फौजदारी खटल्यात, स्वतःवर कारवाई होणार नाही अशी हमी घेऊन, तोच होगन साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि अनेक वर्षे स्टिरॉइड घेत असल्याचे त्याने कबूल केले. मॅकमहन निर्दोष सुटले. व्हिटॅमिनची जाहिरात मात्र कायमची संपली.

जुलै 2015 मध्ये कृष्णवर्णीयांबद्दल होगनने खासगीत उच्चारलेले घाणेरडे शब्द बाहेर आले. 24 जुलैला कंपनीने करार संपवला. तीन वर्षांनी, जुलै 2018 मध्ये, त्याच कंपनीने त्याला सन्मानाच्या यादीत परत बसवले आणि मल्लांपुढे माफी मागायला उभे केले. टायटस ओ'नील या कृष्णवर्णीय मल्लाने जाहीरपणे लिहिले की, या माफीत खरा पश्चात्ताप दिसत नाही. पोट ज्या कंपनीवर आहे तिच्या लाडक्या माणसाबद्दल असे लिहायला काय लागते, ते नोकरी करणाऱ्यांनाच ठाऊक.

6 जानेवारी 2025 रोजी लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूडमध्ये नेटफ्लिक्सवरच्या पहिल्या 'रॉ' कार्यक्रमात होगन आला, हातात अमेरिकेचा झेंडा घेऊन, नायकाच्या थाटात. सगळ्या स्टेडियमने त्याची हुर्यो उडवली. यावेळी ते कोणी लिहून दिलेले नव्हते. काहींना ते शब्द आठवत होते, काहींना 2024 च्या रिपब्लिकन अधिवेशनात फाडलेला शर्ट. युनियन किती जणांना आठवत होती, कोण जाणे.

24 जुलै 2025 रोजी, करार तुटल्याला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, होगन वारला. दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात मल्ल रांगेने उभे राहिले आणि दहा टोले देण्यात आले. रांगेतले ते मल्ल कंपनीच्या कागदोपत्री आजही कर्मचारी नाहीत, 'स्वतंत्र कंत्राटदार' आहेत. त्यांची युनियन आजही झालेली नाही.