दाभोळचं ऊन जातं कुठे?

एप्रिलातली भर दुपार. धोपाव्याहून आलेली फेरीबोट दाभोळच्या धक्क्याला लागतेय. तिच्या लोखंडी पत्र्यावर अनवाणी पाय ठेवून बघा, टेकतही नाही. तोच पाय खाडीच्या पाण्यात सोडा. अहाहा! सूर्य तर सकाळपासून दोघांवर सारखाच तळपतोय. मग पाणी कसं नाही तापलं?

जांभ्याच्या कातळात दिवसभराची धग जेमतेम हात-दीड हात शिरते, म्हणून वरचा थर भाजून निघतो. पाण्यात ऊन खोल उतरतं, लाटा ते ढवळून वाटून टाकतात, शिवाय पाणी मुळातच सावकाश तापतं. पृथ्वीवरच्या सगळ्या हवेत जेवढी उष्णता मावते, तेवढी समुद्राच्या वरच्या सुमारे 3 मीटर पाण्यात मावते!

खारा आणि मतलई
कातळ तापला की त्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा धावत येते. हा खारा वारा. रात्री कातळ झटकन निवतो, समुद्र ऊबदार राहतो, आणि पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. हा मतलई. शिडांच्या काळात कोळी पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारनंतर खाऱ्यावर घरी येत. इंधनाचा खर्च शून्य!

हाच खेळ आशिया खंडाएवढा मोठा केला की मोसमी वारे. त्यांच्या जोरावर दाभोळात अरबस्तानचे घोडे उतरले. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी 1470च्या सुमारास हिंदुस्थानात हिंडला आणि परतीच्या गलबतात चढला तो इथूनच. महिनाभरानंतर त्याला जमीन दिसली ती आफ्रिकेची.

आंब्याच्या पोटातलं ऊन
माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत नवलाची गोष्ट हापूसच्या पोटात आहे. वरून पिवळाधम्मक, डाग नाही, वास घमघमणारा. सुरी फिरवली की आत कोयीलगत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर. हाच तो साका. बागायतदाराचा जीव हळहळतो, कारण कापेपर्यंत काही कळत नाही. तापलेल्या जमिनीतून वर येणारी धग हे साक्याचं एक कारण संशोधकांनी दाखवलं. म्हणून झाडाखाली वाळलेल्या गवताचं आच्छादन घालायचं, आणि काढलेला आंबा उन्हात, तापल्या मातीवर ठेवायचा नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात दिली. तिच्यात साका होत नाही. एक पेंढीभर गवत आणि एक हुशार कलम, दोन्ही उष्णतेवरचेच उतारे.

खालून येणारी ऊब
दापोली तालुक्यातच उन्हवरे आहे. नावातच ऊन! तिथल्या कुंडातलं पाणी हात पोळेल इतकं कढत. जवळपास जिवंत ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल जातं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. कोकणात अशा झऱ्यांची पालघरपासून राजापूरपर्यंत माळच लागली आहे. पण पृष्ठभागावर सूर्याकडून जी उष्णता पोचते, तिच्या तुलनेत ही जमिनीखालची ऊब हजारात एक भागही भरत नाही.

दाभोळच्या खाडीपलीकडे उलटाच प्रकार. तिथल्या टर्मिनलवर जहाजांतून उतरतो तो उणे 162 अंशांवरचा द्रवरूप नैसर्गिक वायू. त्याचा पुन्हा वायू करायचा, तर त्याला उष्णता द्यावी लागते. कोकणातला दमट उन्हाळा आणि ही थंडी, मध्ये फक्त टाकीची भिंत!

समुद्राला घाम
अरबी समुद्राला वर्षातून दोन उन्हाळे असतात, एक मेच्या सुमारास आणि दुसरा ऑक्टोबरात. मधल्या पावसाळ्यात वारे त्याला ढवळतात, बाष्प उडतं आणि तो गार होतो. एक लीटर पाण्याची वाफ होताना जी उष्णता लागते, तिच्यात जवळपास सहा लीटर बर्फगार पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता बाष्पात दडून सह्याद्रीवर पोचते आणि ढग होताना हवेत मोकळी होते.

काळजीची गोष्टही सांगायलाच हवी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली दाखवलं, की हिंदी महासागराचा पश्चिम भाग शतकभरात सुमारे 1.2 अंशांनी तापला. तापलेलं पाणी म्हणजे चक्रीवादळाचं खाद्य. 3 जून 2020च्या ‘निसर्ग’ने दापोलीच्या किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या, त्या अनेकांच्या अजून डोळ्यांपुढे आहेत.

आता पुन्हा धक्क्यावर या. अरबी समुद्रावरून उडालेलं बाष्प महाबळेश्वरी कोसळतं, कोयनेत उतरतं. कोयनेचं पाणी खरं तर कृष्णेतून पूर्वेला जायचं. पण धरणातलं बरंचसं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवलंय. पोफळीच्या वीजघरात वीज करून ते वाशिष्ठी नदीत येतं, चिपळूणवरून वाहत दाभोळला समुद्राला मिळतं. मघाशी पाय गार केला, त्या पाण्यात तेही होतं.