मोहाखालून गोटुलापर्यंत

चंद्रपूरमधून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात मार्च-एप्रिलमधली खरी पायपीट मोहफुलांसाठी होते. मोहाचे फूल रात्री उमलते आणि पहाटे गळते, त्यामुळे उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन जंगल गाठावे लागते. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची प्रथा आहे, तिच्यातून वणवे लागतात, आणि त्याच अंधुक वेळी अस्वलाने किंवा वाघाने गाठण्याचे भय शेजारच्या ब्रह्मपुरी परिसरात तर फारच खरे आहे. या फुलांत साखर भरपूर असते. वाळवलेली फुले भिजवून आंबवली आणि ऊर्ध्वपातन केले, म्हणजे उकळून निघालेली वाफ थंड करून गोळा केली, की मोहाची दारू होते. गोंड-माडिया समाजात तिला देवकार्यात आणि लग्नकार्यात मान आहे, पण रोजच्या बाजारू गाळपाला तो मान लागू पडत नाही, हा भेद बाहेरचे लेखक फार सहज विसरतात.

रानवाट आणि दारू यांची सांगड दुसरीकडेही आहे, पण वेगळी: इंग्लंडमध्ये दिवसभराची रानवाट अनेकदा गावच्या पबमध्ये, म्हणजे परवानाधारक मद्यगृहात, संपते. त्या वाटांवरचा लोकांचा हक्कही आपोआप मिळालेला नाही. १९३२ साली किंडर स्काउटच्या माळरानावर झालेला सामूहिक प्रवेश हा त्यासाठीच्या लढ्यातला ठळक टप्पा होता. गडचिरोलीत जंगलावरच्या हक्काचा प्रश्न तोच राहिला, वाटेअखेरचा मुक्काम मात्र मद्यगृह नाही. स्त्रियांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या चळवळीनंतर १९९३ पासून जिल्ह्यात दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. चोरटी विक्री बंदीनंतरही चालते, हे खरे. पण त्यावरून बंदी मागणाऱ्या बायकांचे म्हणणे खोटे ठरत नाही, कारण मजुरीचा पैसा गुत्त्यावर कसा जिरतो हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिले होते.

कायद्याहून भक्कम उत्तर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने शोधले. तिथे दारूचा निर्णय गावाने स्त्री-पुरुषांच्या एकत्र चर्चेतून घेतला आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरवण्याची पद्धत रुजवली. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. त्याखाली मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या कामाशी जोडली जातात ती योग्यच, तरी निर्णय गावाचे होते.

अशा गावात वाट गोटुलाशी संपते. गोटुल म्हणजे गोंड गावाचे सामाईक घर, जिथे एकत्र बसणे, शिकणे आणि ठरवणे चालते. मोहाचे काय करावे, पूजेपुरते किती, विकायचे किती, हे ठरवण्याचा अधिकार अबकारी खात्यापेक्षा आणि ठेकेदारापेक्षा याच बैठकीला शोभतो. जिल्ह्यात रानवाटा पाहायला येणाऱ्यांनी आधी ग्रामसभेची परवानगी घ्यावी, आणि मोहाचे लाडू किंवा वाळलेली फुले हवी असल्यास वेचणाऱ्या बाईलाच त्यांचा रास्त भाव द्यावा.