कांगेर खोऱ्यातील मुक्काम : सुरक्षितता आणि जबाबदारी

भिलाईसारख्या पोलादनगरीतील अनेक कुटुंबांना हिवाळ्याच्या सुट्टीत बस्तरचे अरण्य खुणावते. सुमारे तीनशे किलोमीटरवरील जगदलपूर गाठले की तेथून जवळच कांगेर खोरे राष्ट्रीय उद्यान आहे. १९८२ मध्ये घोषित झालेल्या, सुमारे २०० चौरस किलोमीटरच्या या उद्यानात सालवने, तीरथगडचा धबधबा व कुटुमसरची चुनखडीची गुहा आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्याचा समावेश झाला. साहजिकच येथे तंबूत राहू इच्छिणाऱ्यांची संख्या वाढेल. हा मुक्काम कोणाच्या हिताचा ठरेल, हा खरा प्रश्न आहे.

उद्यानाच्या परिसरातील धुडमारास या गावातील आदिवासी कुटुंबे पर्यटकांना घरी ठेवतात, कांगेर नदीत बांबूच्या तराफ्यातून फिरवतात. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने आपल्या ग्रामपर्यटन उन्नयन कार्यक्रमासाठी या गावाची निवड केली. मोहफुले, तेंदूपत्ता, चिंच या वनोपजांना येथे पर्यटनाची जोड मिळाली आहे. मात्र दोन्ही उत्पन्ने एकाच जंगलावर अवलंबून आहेत. एका पर्यटकाची शेकोटी वाळलेल्या पानांत पसरली तर हानी गावाची होते. पर्यटक मात्र घरी परततो. लाभ एकाचा आणि भुर्दंड दुसऱ्याचा, या स्थितीला अर्थशास्त्रात ‘बाह्य परिणाम’ म्हणतात.

म्हणूनच नियमांकडे केवळ अडथळे म्हणून पाहू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार उद्यानात प्रवेशासाठी परवानगी लागते आणि वनाला धोका होईल अशी आग पेटवण्यास मनाई आहे. तंबू नेमून दिलेल्या जागीच लावावा; ओढ्याच्या पात्रात कधीही नाही. पाणी उकळून प्यावे, अन्न बंद डब्यात ठेवावे आणि कचरा सोबत परत न्यावा. कुटुमसरच्या गुहेत डोळे क्षीण झालेले मासे आढळतात. तेथील चुनखडीचे स्तंभ हजारो वर्षांत घडतात. त्यांना हात लावू नये. पावसाळ्यात ही गुहा बंद असते.

बस्तरमध्ये हिवतापाचा धोका आजही आहे. मच्छरदाणी अनिवार्य समजावी आणि परतल्यानंतर काही आठवड्यांत ताप आल्यास विनाविलंब रक्त तपासून घ्यावे. बस्तरच्या प्रवासाची माहिती डॉक्टरांना द्यावी. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये. तो अवयव न हलवता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. जंगलात दूरध्वनीची खात्री नसते, त्यामुळे परतीची वेळ आधीच कोणाला तरी सांगून ठेवावी.

या साऱ्यांत सर्वांत स्वस्त विमा म्हणजे गावचा वाटाड्या. वाट, पाणी आणि वन्यप्राण्यांचा माग त्याला ठाऊक असतो. त्याला दिलेली मजुरी गावातच राहते आणि जंगल उभे ठेवण्याचे कारण बनते. पर्यटकाची सुरक्षितता व गावाची उपजीविका येथे परस्परपूरक ठरतात. शाश्वत पर्यटनाचा अर्थ तरी याहून वेगळा काय?